जुन्या फटफटीचा जीर्णोद्धार

खानदेशांतील जुन्या घरांतून एक दृश्य पुष्कळदां पाहावयास मिळतें. घराच्या मागील बाजूस, गोठ्याच्या कोपऱ्यांत किंवा पडवीच्या टोकास, फाटक्या पोत्यांखालीं आणि पऱ्हाटीच्या भाऱ्यांआड एक मोटारसायकल उभी असते. तिच्या टायरांत हवा नसते. टाकीवर कोंबड्या बसून गेल्याच्या खुणा असतात. बसण्याच्या गादींतून उंदरांनीं काथ्या बाहेर काढलेला असतो. घरांतील वडील मंडळी तिला अजून ‘फटफटी’ म्हणतात, आणि तिचें नांव निघालें म्हणजे तिच्यावरून कोण कोठें गेलें, रात्रीअपरात्रीं कोणाला दवाखान्यांत नेलें, कोणाच्या लग्नांत ती झेंडूच्या माळांनीं सजविली होती, हें सांगूं लागतात. तिला भंगारांत घालण्याची गोष्ट काढली तर सर्वांचे चेहरे उतरतात. आणि चालू करण्याची गोष्ट काढली तर सर्वजण खर्चाचा आंकडा विचारतात. टाकवत नाहीं आणि वापरवतही नाहीं, अशा अवस्थेंत ती वर्षानुवर्षें पडून राहते. मग एखाद्या वर्षीं घरांतील तरुण मुलगा पुण्यामुंबईहून सुटींत येतो, पोतीं दूर करितो आणि ‘हिला आपण घरींच दुरुस्त करूं’ असें जाहीर करितो. त्या उत्साहाच्या पहिल्या आठ दिवसांत गाडीचें जेवढें नुकसान होतें, तेवढें पुष्कळदां आधींच्या तीस वर्षांत झालेलें नसतें.

हें नुकसान कशानें होतें, याचा उलगडा जीर्णोद्धार या शब्दाच्या अर्थांतच आहे. मुक्ताईनगरच्या परिसरांत (पूर्वीचें एदलाबाद तें हेंच) या शब्दाचे दोन अर्थ डोळ्यांपुढें उभे राहतात. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव येथें पाषाणाचें जुनें देऊळ आहे. तें संरक्षित स्मारक. अशा स्मारकांतील झिजलेली मूर्ति कोणी तासून पुन्हां गुळगुळीत करूं जात नाहीं. ढासळण्याचें भय असेल तेथें आधार द्यावयाचा आणि काळानें जें केलें तें दिसूं द्यावयाचें, ही तीं राखण्याची रीत. उलट, कोथळी आणि मेहूण येथील मुक्ताबाईंच्या देवस्थानांकडे वारकऱ्यांची रीघ लागते. अशा नांदत्या देवळांत पायरी खचली तर नवी बसवावी लागते, मंडप अपुरा पडला तर वाढवावा लागतो. कारण तेथें रोज माणसें येतात आणि त्यांच्या जीवाची काळजी आधीं घ्यावी लागते. जुनी मोटारसायकल या दोहोंमधली वस्तु आहे. ती नुसती पाहावयाची म्हटली तर तिचें सार्थक होत नाहीं. आणि ती रस्त्यावर आणावयाची तर तिच्यावर बसणाऱ्याचा आणि समोरून येणाऱ्याचा प्राण तिच्यावर अवलंबून असतो. म्हणून जेथें प्राणाचा प्रश्न आहे तेथें तिला नांदत्या देवळासारखें वागवावें, आणि जेथें केवळ वयाचा प्रश्न आहे तेथें स्मारकासारखें. उत्साही तरुण बहुधा नेमकें उलट करितो. टाकी व मडगार्ड तो चकचकीत नवीं करून घेतो, आणि ब्रेकची पट्टी जुनीच ठेवितो.

याच चांगदेवांची कथा सर्वश्रुत आहे. ते वाघावर बसून आळंदीस गेले, तेव्हां मुक्ताबाईंसह चारी भावंडें भिंतीवर बसून त्यांना सामोरीं आलीं. निर्जीव वाहन चालविण्याचा तो मार्ग ज्यांना साधलेला नाहीं, त्यांना पिस्टन व पेट्रोल यांचाच आश्रय करावा लागतो.

या भागांत आढळणाऱ्या जुन्या गाड्या मुख्यतः तीन घराण्यांतल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें विकून टाकलेल्या बी. एस. ए., नॉर्टन, मॅचलेस या इंग्लिश गाड्याही क्वचित् दृष्टीस पडतात, पण त्या अपवाद म्हणून. पहिलें घराणें रॉयल एनफील्डचें. इंग्लंडांतील रेडिच येथील या कंपनीची ‘बुलेट’ १९५५ पासून मद्रासेस जुळविली जाऊं लागली आणि पुढें तेथेंच घडूं लागली. इंग्लंडांतील मूळ कारखाना बंद पडल्यावरही मद्रासची बुलेट फारसा फरक न होतां दशकानुदशकें निघत राहिली. दुसरें राजदूतचें. एस्कॉर्ट्स कंपनीनें पोलंडमधील एका गाडीच्या नमुन्यावरून काढलेली ही दणकट गाडी दूधवाल्यांची व शेतकऱ्यांची आवडती झाली. तिसरें घराणें जावाचें. घरीं काम करूं इच्छिणाऱ्यास हेंच घराणें अधिक सोयीचें, म्हणून त्याच्याविषयीं थोडें विस्तारानें सांगणें इष्ट आहे.

जावा हें नांव ऐकून पुष्कळांना त्या नांवाच्या बेटाची आठवण होते. परंतु गाडीचा आणि बेटाचा कांहीं संबंध नाहीं. प्राग येथील फ्रांतिशेक यानेचेक या शस्त्रास्त्रांच्या कारखानदारानें १९२९ सालीं जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून तिचा मोटारसायकलींचा धंदा विकत घेतला, आणि आपल्या व वांडररच्या नांवाचीं आद्याक्षरें जोडून ‘जावा’ हा शब्द बनविला. मुंबईच्या इराणी घराण्यांतील रुस्तुम व फारुख इराणी यांनीं म्हैसूर येथें ‘आयडियल जावा’ कंपनी काढली. १९६१ पासून तेथें २५० घनसेंटिमीटरची जावा तयार होऊं लागली. १९७३ पासून ती ‘येझदी’ या नांवानें निघाली, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. २०१८ मध्यें जावा हें नांव दुसऱ्या कंपनीनें पुन्हां बाजारांत आणलें. पण त्या नव्या गाडीचें यंत्र सर्वस्वीं निराळें असल्यामुळें तिचे सुटे भाग जुन्या जावाच्या मालकाच्या उपयोगी पडत नाहींत. दर वर्षीं जुलैच्या दुसऱ्या रविवारीं देशांतील अनेक शहरांतून या जुन्या गाड्यांचे मालक एकत्र जमतात. ज्याला एखादा भाग मिळत नाहीं त्यानें तेथें जावें, हा दुकानें धुंडाळण्यापेक्षां बरा उपाय.

जुन्या जावाचें यंत्र टू-स्ट्रोक आहे. सिलिंडर एकच, पण धूर बाहेर सोडणाऱ्या नळ्या दोन. गिअर बदलण्याची दांडी आणि किक मारण्याची दांडी एकच; ती आंत दाबून वर फिरविली कीं तिची किक होते. हें ज्याला ठाऊक नाहीं तो नवशिका गाडीभोंवतीं प्रदक्षिणा घालून किक शोधीत राहतो, आणि घरांतील आजोबांना तेवढीच करमणूक होते. चार-स्ट्रोक यंत्रांत असतात तशा झडपा येथें नाहींत. पेट्रोलांतच तेल मिसळावयाचें, तें मिश्रण हवेबरोबर यंत्राच्या खालच्या पेटींत, म्हणजे क्रँककेसमध्यें, शिरावयाचें, आणि तेथून वर सिलिंडरांत जावयाचें, असा सारा व्यवहार आहे. हलणारे भाग थोडे असल्यानें घरच्या माणसाला तें समजतें. पण साधें म्हणून तें क्षमाशील आहे, असें मात्र कोणी समजूं नये.

पहिला आठवडा हत्यार हातांत न घेण्याचा. गाडी पोत्यांखालून काढून ओट्यावर आणावी. धुवूं मात्र नये. मातीच्या थराखालीं सोनेरी रेघांचे अवशेष, विक्रेत्याच्या नांवाची पट्टी, कारखान्याच्या खुणा, असे पुष्कळ पुरावे दडलेले असतात, आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें ते एका क्षणांत नाहींसे होतात. चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. कोणती तार कोणत्या छिद्रांतून कोठें जाते, वायसर किती आणि कोणत्या क्रमानें आहेत, हें टिपून ठेवावें. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असतो, तेव्हां या कामास सबब राहिलेली नाहीं. खोलतांना निघालेला प्रत्येक नट निराळ्या डब्यांत घालावा आणि डब्यावर चिठ्ठी लावावी. ‘लक्षांत राहील’ या एका वाक्यानें जितक्या जुन्या गाड्या गोणींत भरून भंगारवाल्याकडे गेल्या आहेत, तितक्या गंजानेंही गेल्या नसतील.

यंत्र अडकलेलें असेल, आणि बहुधा असतेंच, तर किकवर दोन्ही पायांनीं उभे राहण्याचा पराक्रम करूं नये. त्यानें आंतील दाते तुटतात. प्लग काढून त्या छिद्रांतून रॉकेल किंवा डिझेल यांत थोडें तेल मिसळून सोडावें आणि आठ दिवस वाट पाहावी. मग गाडी वरच्या गिअरांत घालून मागचें चाक हातानें हलकेंच मागेंपुढें करावें. पुष्कळदां एवढ्यानें पिस्टन सुटतो. सुटला नाहीं तर आणखी आठ दिवस. ज्याच्यापाशीं हे आठ दिवस नाहींत, त्यानें या छंदाच्या वाटेस न जाणें बरें.

पान्यांचा प्रश्न लहान दिसतो, पण तोच अनेकांना भोंवतो. जावाचे नट मिलिमीटरच्या मापाचे आहेत. कोणत्याही दुकानांतील चांगले पाने तिला चालतात. जुन्या इंग्लिश गाड्यांचे नट मात्र व्हिटवर्थ नांवाच्या निराळ्या मापपद्धतीचे असतात. त्यांना मिलिमीटरचा ‘जवळजवळ बसणारा’ पाना लावला कीं नटाच्या सहा कडा गोल होतात, आणि मग छिन्नी-हातोड्याशिवाय गति राहत नाहीं. छिन्नीचे घाव बसलेले नट पाहून जाणता मनुष्य त्या गाडीच्या मागील मालकांची परीक्षा करितो.

पिस्टन बाहेर आला कीं गाडीचा पूर्वेतिहास वाचतां येतो. धूर बाहेर जाण्याच्या बाजूस उभे ओरखडे असतील, तर ती कधीं तरी तेल कमी घालून उन्हांत दामटली गेली, असें समजावें. मुक्ताईनगर, भुसावळ, जळगांव या पट्ट्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. त्या दिवसांत दोन माणसें आणि धान्याचें पोतें घेऊन निघालेल्या गाडीचा पिस्टन तापून फुगतो व सिलिंडरास धरतो. उपाय असा कीं, सिलिंडराची आंतली भिंत लेथवाल्याकडून खरडून थोडी मोठी करून घ्यावयाची आणि तिला जुळेल असा वाढीव मापाचा पिस्टन बसवावयाचा. हीं वाढीव मापें पाव मिलिमीटरच्या पायरीनें चढत जातात. म्हणून सिलिंडर वर, मध्यें व खालीं, आणि प्रत्येक ठिकाणीं आडवा-उभा असा दोन वेळां मोजावा लागतो. पिस्टन व सिलिंडर यांमधील फट मनुष्याच्या केसाच्या जाडीएवढी ठेवावयाची असते. ती कमी पडली तर यंत्र पुन्हां धरतें, जास्त झाली तर डबा वाजल्यासारखा आवाज येतो.

येथें खानदेशाच्या या कोपऱ्याचें एक भाग्य सांगितलें पाहिजे. भुसावळास रेल्वेचें मोठें ठाणें व कर्मशाळा आहेत. तेथील आयुध निर्माण कारखाना १९४९ सालचा, आणि वरणगांवचा १९६४ सालचा. या कारखान्यांमुळें फिटर व टर्नर यांच्या पिढ्याच्या पिढ्या या भागांत तयार झाल्या. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय, हें बोटांनीं जाणणारा वृद्ध कारागीर अजून एखाद्या पत्र्याच्या दुकानांत बसलेला सांपडतो. असा मनुष्य सिलिंडर उन्हाकडे धरून आंत पाहतो, बोट फिरवितो आणि म्हणतो, ‘भाऊ, हा वरून गोल राहिला नाहीं. घाई नका करूं. आधीं पिस्टन आणा, मग मी खरडतो.’ हा क्रम महत्त्वाचा. पिस्टन हातांत आल्यावांचून सिलिंडर खरडूं देणारा मालक आणि तसा खरडणारा लेथवाला, हे दोघेही सारखेच अविचारी. कारण डब्यावरील माप व प्रत्यक्ष माप यांत पुष्कळदां अंतर असतें. अशा कारागिराशीं वाद घालूं नये, त्याच्यापाशीं दोन तास बसावें. त्याच्या पश्चात् तें ज्ञान कोणत्याही पुस्तकांत मिळणार नाहीं, आणि त्याच्या दुकानाशेजारीं नवें दुकान निघालें तर तें बहुधा मोबाईलचेंच निघतें.

क्रँकशाफ्टचें काम घरीं होण्यासारखें नाहीं. तो भाग दाबयंत्रानें तुकडे एकमेकांत बसवून केलेला असतो. पुन्हां जोडतांना तो केसभरही वांकडा राहतां कामा नये. तो कसलेल्या माणसाकडेच द्यावा. घरच्या माणसानें आपलें लक्ष रबरी सीलांकडे द्यावें. या कोरड्या हवेंत लोखंडाला समुद्रकांठच्यासारखा गंज चढत नाहीं. पण रबर मात्र उन्हानें कडक होऊन तडकतें. टू-स्ट्रोक यंत्राची खालची पेटी हवाबंद असली पाहिजे. एका बाजूचें सील गेलें तर बाहेरची हवा आंत शिरते, पेट्रोलाचें प्रमाण घटतें आणि पिस्टन तापून जळतो. दुसऱ्या बाजूचें गेलें तर गिअरपेटींतील तेल आंत ओढलें जाऊन गल्लीभर पांढरा धूर होतो. कार्बोरेटर दहा वेळां साफ करूनही जें दुखणें बरें होत नाहीं, त्याचें मूळ पुष्कळ वेळां या थोडक्या किमतीच्या रबराच्या कड्यांत असतें.

टाकींतील गंज काढण्यासाठीं ॲसिड ओतण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकूं नये. तीव्र ॲसिड गंजाबरोबर पत्राही खातें. साखर कारखान्यांत निघणारी मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग असें मिश्रण भरून टाकी पंधरा दिवस ठेवली, तर गंज सुटतो व धातु शाबूत राहतो. वास सहन करावा लागतो, हें खरें. धुण्याचा सोडा पाण्यांत विरघळवून बॅटरी भारित करण्याच्या यंत्रानें विजेचा प्रवाह सोडण्याची रीतही चांगली आहे. पण तें काम उघड्यावर करावें, कारण त्यांत ज्वालाग्राही हायड्रोजन वायु निघतो, आणि त्यांत स्टेनलेस स्टीलचा तुकडा कदापि वापरूं नये, कारण त्यांतून क्रोमियमचें विष पाण्यांत उतरतें. टाकीला भोंक असल्यास तिला झाळ देण्यापूर्वीं ती वारंवार धुवून पाण्यानें भरलेली असावी. वर्षांपूर्वीं रिकामी झालेली टाकी देखील पेट्रोलाच्या वाफेनें स्फोट करूं शकते.

आतां रंगाचा विषय. जुन्या जावाचा तांबूस-किरमिजी व हस्तिदंती रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंचे क्रोमचे चकाकणारे भाग, त्यांच्या कडेनें हातानें ओढलेली सोनेरी रेघ, हें सर्व पाहिलें कीं तें पुन्हां नवें करण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. पण मूळ रंग एकदांच मिळतो. टाकीवर गुडघे घासून जेथें रंग पातळ झाला आहे, तेथें कोणाचे गुडघे घासले हें घराला ठाऊक असतें. रंग साठ-सत्तर टक्के शिल्लक असेल, तर तो सौम्य साबणानें धुवावा, मेण लावावें आणि राहूं द्यावा. पत्रा उघडा पडून खात असेल तेथें मात्र रंग देणें भागच आहे. मग तो पूर्ण द्यावा, ठिगळें लावूं नयेत. सोनेरी रेघ ओढण्यासाठीं ट्रकांवर अक्षरें व वेलबुट्टी काढणारा जुना चित्रकार गांठावा. चिकटपट्टी लावून मारलेली सरळ रेघ आणि त्याच्या कुंचल्याची जिवंत रेघ यांतला फरक दहा पावलांवरूनही कळतो. क्रोमचा मुलामा पुन्हां देतांना आधीं पत्रा घासून गुळगुळीत करावा लागतो, आणि त्या घासण्यांत कडा व ठसे बोथट होतात. म्हणून जें थोडें डागाळलें आहे तें डागाळलेलेंच बरें.

फेरबदलाचा, म्हणजे गाडी आपल्या मनाजोगती घडविण्याचा, प्रश्न येथें उपस्थित होतो. त्याला तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं. माणसानें वाहन आपल्या गरजेप्रमाणें बदलावें, हें वाहनाइतकेंच जुनें आहे. सौराष्ट्रांत बुलेटच्या पुढच्या भागाला मागें दोन चाकें व फळ्यांची पेटी जोडून ‘छकडा’ झाला, आणि त्यावर खेड्यांचा सारा व्यवहार चालला. १९६० च्या सुमारास लंडनच्या ‘एस कॅफे’ या उपाहारगृहाभोंवतीं जमणाऱ्या तरुणांनीं हँडल खालीं घेतलें, जादा भाग काढून टाकले आणि वेगाची हौस भागविली. तीच तऱ्हा आज इकडे ‘कॅफे रेसर’ म्हणून मिरवते. छकड्याच्या मागें गरज होती, कॅफे रेसरच्या मागें निदान वेग होता. आज एखाद्या तालुक्याच्या गांवीं साठ वर्षांची जावा कापून, तिचा मागचा मडगार्ड फेकून, तिला जाड टायर चढवून जी वस्तु तयार होते, तिच्यामागें केवळ छायाचित्र असतें. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल मागच्या चाकानें पाठीवर उडवला, म्हणजे मडगार्ड कशासाठीं होता हें मालकास कळतें. पण तोंवर तो भंगारांत गेलेला असतो.

या बाबतींत एक साधी कसोटी पुरे आहे: केलेला बदल एका दुपारींत परत फिरवतां येतो कीं नाहीं? जुन्या जावाची वीज सहा व्होल्टची. तिचा दिवा मिणमिणता. मुक्ताईनगरावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, पूर्वीच्या ६ क्रमांकाच्या आणि आतांच्या ५३ क्रमांकाच्या रस्त्यावर, रात्रीं ट्रकांच्या रांगेंत असा दिवा घेऊन जाणें धोक्याचें आहे. बारा व्होल्टची जोडणी करून जुना डायनॅमो व तारांचा जुडगा चिठ्ठी लावून ट्रंकेंत ठेवला, तर त्यांत गैर कांहींच नाहीं. तीच गोष्ट इलेक्ट्रॉनिक इग्निशनची. मात्र करवत व झाळ यांनीं केलेलें कधीं परत होत नाहीं. आणि तरीही या कसोटीला एक अपवाद करावासा वाटतो. एखाद्या राजदूताला दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन अडकविण्यासाठीं गांवच्या लोहारानें लोखंडी आंकडे झाळलेले असतात. ते कारखान्याचे नव्हेत; पण ज्या गाडीनें पंचवीस वर्षें पहांटे दूध वाहून एका घरांतील मुलें शिकविलीं, तिचे ते आंकडे कापून तिला ‘मूळ’ रूपांत आणणें म्हणजे तिचें चरित्रच खोडून टाकण्यासारखें आहे. ते ठेवावे.

कायद्याचें मत मात्र अधिक कडक आहे, आणि तें माहीत नसल्यानें लोक संकटांत पडतात. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें कारखानदारानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाशीं विसंगत होईल असा बदल वाहनांत करतां येत नाहीं; सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ च्या एका निकालांत हेंच स्पष्ट केलें. उलट, जुनें वाहन जपणाऱ्यासाठीं जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें झालेलें, मूळ रूपांत राखलेलें आणि चौकट, बाह्यांग वा यंत्र यांत मोठा फेरबदल न केलेलें दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येतें. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि पुढील नोंदणीस ५,००० रुपये शुल्क ठेवलें. नोंदणीची मुदत १० वर्षांची. आणि क्रमांकाच्या पट्टीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही ए’ हीं अक्षरें. असें वाहन प्रदर्शनें, मिरवणुकी, दुरुस्ती, पेट्रोल भरणें अशा कामांपुरतेंच रस्त्यावर आणावयाचें असतें; रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठीं नव्हे. म्हणजे ज्या घरांत १९६० नंतरच्या दशकांतली जावा उभी आहे, त्या घरापुढें ही निवड खरोखरच आहे: ती अखंड राखली तर तिला सन्मानाचें स्थान आहे, आणि कापली तर ती दरवाजाबाहेर काढणेंही कठीण.

म्हणून रंगाच्या डब्याच्या आधीं कागदांची पेटी उघडावी. चौकटीवरील व यंत्रावरील क्रमांक तेल लावून हळूच साफ करावे आणि नोंदणीच्या पुस्तकाशीं ताडून पाहावे. घासयंत्र त्या जागेपासून दूर ठेवावें. रंगारी पत्रा घासतांना अजाणतां क्रमांक पुसून टाकतो, आणि मग मालकाला आपलीच गाडी आपली म्हणून सिद्ध करतां येत नाहीं. गाडी आजोबांच्या नांवावर असेल आणि आजोबा हयात असतील, तर नांव बदलण्याचें काम आजच करावें. ते नसतील तर वारसांच्या संमतीचे कागद गोळा करणें हें सिलिंडर खरडण्यापेक्षांही वेळ खाणारें काम ठरतें.

जें निःसंशय नवें हवें, त्याची यादी लहान आहे. ब्रेकच्या पट्ट्या, ब्रेक व क्लच यांच्या तारा, टायर व ट्यूब, चाकांचे बेअरिंग, पेट्रोलाची नळी. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. त्यांची धूळ फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसून फडकें टाकून द्यावें. टायर नक्षी शाबूत आहे म्हणून चांगला ठरत नाहीं. त्याच्या कडेवर कोरलेल्या चार अंकांपैकीं पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदारानें ‘नवा’ म्हणून दिलेला टायर घेतांना हे अंक वाचावे. पेट्रोलाचा प्रकारही आतां बदलला आहे. २०२३ पासून देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जाऊं लागलें, आणि इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें व जुन्या रबराला सोसत नाहीं. नळी व वायसर इथेनॉल सोसणारे घालावे. गाडी महिनोन्महिने उभी ठेवावयाची असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. ऊंस व मका पिकविणाऱ्या भागाला या इंधनाविरुद्ध फारसें बोलतां येणार नाहीं, पण जुनी जावा तशी तक्रार करते, हें नमूद केलें पाहिजे.

सर्व जुळल्यावर पहिली सुरुवात सकाळीं, हवा थंड असतांना करावी. नव्या पिस्टनसाठीं आरंभीं वीस भाग पेट्रोलांत एक भाग तेल मिसळावें. पुढें तें पंचविसांत एक इतकें चालतें. मिश्रण आधीं निराळ्या भांड्यांत ढवळून मग टाकींत ओतावें, नाहीं तर तेल तळाशीं राहतें आणि पहिल्याच किकेला प्लग भिजतो. पेट्रोलाचा कॉक उघडावा, कार्बोरेटरवरील लहान खुंटी दाबून पेट्रोल वर येऊं द्यावें, दोन किका चावी न लावतां माराव्या, मग चावी लावावी. गाडी सुरू झाली कीं घरांतील सर्वजण बाहेर येतात आणि जो तो मूठ पिळण्यास उत्सुक असतो. ती कोणालाही पिळूं देऊं नये. पहिले पांचशे किलोमीटर वेग निम्म्याखालीं असावा, चढावर रेटूं नये, आणि एकाच वेगानें फार वेळ चालवूं नये. पहिली फेरी संगमापर्यंत जाऊन परत येण्याइतकीच करावी. मागें बसावयाचा मान घरांत कोणाचा, हें सांगण्याची जरूर नाहीं. परत आल्यावर यंत्र पूर्ण थंड होऊं द्यावें, सिलिंडरच्या माथ्यावरील नट कर्णाकर्णीं पुन्हां एकदां आवळावे, प्लग काढून त्याचा रंग पाहावा, आणि तो विटकरी-तपकिरी असेल तर दुसऱ्या दिवशीं थोडें अधिक लांब जावें.